बेघर माणसाच्या अर्जाचा पाठपुरावा कोण करणार?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती. एसटी स्टँडच्या आडोशाला झोपणारे एक काका रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. वय पंचावन्नच्या आसपास. पक्षाघातामुळे डावा हात निकामी झालेला, डावा पाय ओढत चालतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) गोळ्या लिहिता लिहिता मी सहज विचारलं, "काका, अपंगाचं सर्टिफिकेट काढलंय का?"

त्यांनी शर्टाच्या आतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात दुसरी पिशवी, आणि त्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. ऑनलाइन अर्जाची पावती होती ती. "अर्ज केलाय ना डॉक्टर. बोलावतो म्हणालेत."

पावतीवरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

पावतीवर जो मोबाईल नंबर होता, तो काकांचा नव्हताच. काकांकडे मोबाईल नाही. अर्ज भरून देणाऱ्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाने स्वतःचाच नंबर टाकला होता. रकाना रिकामा ठेवता येत नाही, त्यामुळे त्याचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या कंपाउंडरने त्याला फोन लावला, तर तो ते दुकान सोडून दुसऱ्या गावी कामाला लागला होता. तपासणीला बोलावल्याचा मेसेज त्याला आला होता, पण तो कुणासाठी आहे हे काही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मग आम्ही रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात चौकशी केली. उत्तर मिळालं, "बोलावलं होतं, आले नाहीत. अर्ज पेंडिंग आहे."

म्हणजे चौदा महिने हा माणूस बोलावणं येईल म्हणून स्टँडवर थांबून होता, आणि सरकारी नोंदीप्रमाणे तोच बोलावूनही आलेला नव्हता. त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं, अर्ज फेटाळला नव्हता, पैसेही कुणी मागितले नव्हते. तरीही त्याच्या हातात काहीच आलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी अनेकांनी घरातल्या कुणासाठी हे सर्टिफिकेट काढलं असेल. तुम्हाला त्रास झाला असेल, हेलपाटे पडले असतील. पण तुमच्याकडे घराचा पत्ता होता, फोन होता, कागद ठेवायला कपाट होतं आणि "जरा जाऊन विचारून ये" असं सांगायला एखादा मुलगा, भाचा, शेजारी होता. यातलं काहीच नसलेल्या माणसाचा अर्ज कुठे अडतो, हे मला इथे सांगायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. बेघर माणसाचा अर्ज बहुतेक वेळा नकारामुळे मरत नाही, त्याच्या मागे कुणी जात नाही म्हणून मरतो. आणि त्याच्या मागे जाण्याच्या कामातला एक वाटा आम्हा डॉक्टरांचा आहे, जो आम्ही करत नाही.

दोन वेगळे अर्ज, दोन वेगळी खाती

बहुतेक लोकांची पहिली गल्लत इथेच होते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की पैसे सुरू होतात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही.

प्रमाणपत्र देतं आरोग्य खातं. त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, मग सरकारी रुग्णालयातल्या बोर्डासमोर तपासणी होते, टक्केवारी ठरते आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र मिळतं. जून २०२१ पासून प्रमाणपत्र या पोर्टलवरूनच देणं बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं मान्य आहेत. त्यात हातापायाचं अपंगत्व, अंधत्व, बहिरेपणा तर आहेच, पण मानसिक आजार, कुष्ठरोगातून बरे झालेले, पार्किन्सन्स, सिकल सेल, थॅलेसेमिया हेही आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. ओळखपत्राचा रंगही आता टक्केवारीवर ठरतो : ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० मध्ये पिवळा, ८० टक्के किंवा त्यापुढे निळा.

दरमहा पैसे देतं ते वेगळं खातं. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज सेतू किंवा तहसील कार्यालयात जातो. त्याला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतंच, शिवाय उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि राज्यात किमान १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळत होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना ते २,५०० करण्यात आले. पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात जातात. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

आता हे सगळं स्टँडवर झोपणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून पुन्हा वाचा. १५ वर्षं राज्यात राहिल्याचा पुरावा? काका वीस वर्षांहून जास्त काळ याच शहरात हमाली करत होते. पण हमालाच्या नावावर ना भाडेकरार असतो, ना वीजबिल. उत्पन्नाचा दाखला? त्यासाठी रेशनकार्ड हवं. रेशनकार्ड भावाकडे, गावाला, आणि भावाने त्यातलं नाव केव्हाच कमी केलेलं. बँक खातं? पासबुक पावसात भिजून गेलं. एकेक कागद मिळवणं म्हणजे एकेक वेगळा अर्ज, आणि त्या प्रत्येक अर्जाची वेगळी पावती, वेगळी तारीख. ज्याला आपण एक अर्ज म्हणतो तो अशा माणसासाठी सहा-सात अर्जांची साखळी असते. त्यातला एक तुटला की पुढचे सगळे थांबतात, आणि कुठला तुटला हे त्याला कुणी सांगत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर माणसं मोजली गेली, त्यातली दोन लाखांहून जास्त महाराष्ट्रात. ही मोजणी एका रात्रीची असते, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार असं माझ्यासारख्याला वाटतं. यातल्या किती जणांना अपंगत्व आहे? किती जणांनी अर्ज केला? किती जणांचा अर्ज कुठल्या टप्प्यावर अडलाय? पोर्टलवर प्रत्येक अर्जाची स्थिती दिसते, पण ती अर्जदाराने जाऊन पाहायची असते. हा अर्जदार बेघर आहे, याचा स्वतः शोध घ्या, असं त्या यंत्रणेला सांगणारं काही नाही.

माझ्या केसपेपरवर काय लिहिलं होतं

आता माझ्या चुकीबद्दल. काकांच्या पिशवीत त्या पावतीसोबत माझे चार केसपेपर होते. मीच लिहिलेले. चारही कागदांवर रक्तदाबाचा आकडा, त्याखाली "जुना पक्षाघात" आणि त्याखाली "औषधं तीच चालू". बस्स. बोर्डासमोर या कागदांचा उपयोग शून्य.

बोर्डाला रोगाचं नाव पुरत नाही. त्या रोगामुळे माणसाला काय करता येत नाही, हे त्यांना हवं असतं. पक्षाघात कधी झाला? कुठे उपचार झाले? आज हाताची ताकद किती आहे? शर्टाची बटणं लावता येतात का? आधाराशिवाय किती अंतर चालता येतं? पक्षाघातासारख्या मेंदूच्या आजारात टक्केवारी साधारण सहा महिने उलटल्यावर ठरवली जाते, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बरीच सुधारणा होऊ शकते. म्हणून झटका आला ती तारीख महत्त्वाची. घरात राहणाऱ्या रुग्णाकडे डिस्चार्ज कार्ड असतं, सीटी स्कॅन असतो, बायको तारीख सांगते. काकांचं डिस्चार्ज कार्ड चोरीला गेलेल्या बॅगेत होतं. झटका केव्हा आला हे त्यांना "गणपतीच्या आधी" इतकंच आठवत होतं, कुठल्या वर्षी ते नाही. पण माझ्या दवाखान्यातला त्यांचा पहिला कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. तेव्हाच मी नीट लिहिलं असतं, तर तोच पुरावा झाला असता.

मानसिक आजारात तर हे आणखी अवघड होतं. तिथे अपंगत्व मोजायला आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी घेणं, लोकांशी वागणं, संवाद आणि समज, काम या चार गोष्टींना गुण देतात आणि आजार किती काळापासून आहे याचे गुण त्यात मिळवतात. हे सगळं समजतं ते मुख्यतः नातेवाइकांकडून. ज्याला नातेवाईकच नाहीत, त्याच्याबद्दल कोण सांगणार? माझं उत्तर असं की चहाच्या टपरीवाला सांगेल, निवारा केंद्राचा व्यवस्थापक सांगेल, मंदिराबाहेर फुलं विकणारी मावशी सांगेल. ही माणसं त्याला रोज बघतात. "तीन वर्षांपासून इथे आहे, आंघोळ करत नाही, एकटाच बोलतो, कामाला लावला की अर्ध्या तासात निघून जातो", ही माहिती वैद्यकीयदृष्ट्या मोलाची आहे. ती कुणी तरी तारीख घालून लिहून घ्यायला हवी, एवढंच.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो, कारण अनेकांना ती माहीत नसते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ प्रमाणे बेघर किंवा निराधार व्यक्तीला सरकारी यंत्रणेत मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड दाखवण्याची अट नाही. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर तिला संरक्षण देणं हे त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने, डॉ. भरत वाटवानींनी, अशा हजारो माणसांना बरं करून घरी पोचवलं. त्यासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण सगळ्यांनाच परत जायला घर असतं असं नाही. जो बरा झाला पण घरी जाऊ शकत नाही, त्याला पोटाला काहीतरी लागतंच. शिवाय मानसिक आजाराचं प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचं असतं. मुदत संपली की पुन्हा तपासणी. म्हणजे पुन्हा एक तारीख, जी कुणी तरी लक्षात ठेवायची.

अमेरिकेतली एक कल्पना

एरवी मी अमेरिकेची उदाहरणं देत नाही. तिथलं सगळं इथे लागू होत नाही, आणि तिथेही अपंगत्वाचा भत्ता मिळायला लोक महिनोन् महिने थांबतात, पहिल्या फेरीत अनेकांना नकार मिळतो. पण नेमक्या याच प्रश्नावर त्यांनी एक साधी गोष्ट केली आहे. २००५ पासून तिथे सोअर नावाचा कार्यक्रम चालतो. बेघर माणसांना अपंगत्वाच्या भत्त्याचा अर्ज करायला मदत करणारे कार्यकर्ते त्यात तयार केले जातात. कार्यकर्ता त्या माणसाचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवतो. त्यामुळे सरकारची पत्रं, फोन, तारखा त्याच्याकडेही येतात. पत्र फूटपाथवर कसं पोचवायचं, हा प्रश्न तिथेच संपतो.

दुसरं, प्रत्येक अर्ज कधी केला, निर्णय कधी आला, किती दिवस लागले, मंजूर झाला की नाही, हे कार्यकर्ते एका सामायिक ऑनलाइन नोंदीत भरतात. त्यामुळे कुठल्या भागात अर्ज रखडतात आणि कशामुळे मंजूर होतात हे कळतं. तिसरं मला सगळ्यात आवडलं. कार्यकर्ता त्या माणसाची पूर्ण हकीकत लिहितो, आजार काय, तो कसा जगतो, काय जमत नाही, आणि उपचार करणारा डॉक्टर ती वाचून खाली सही करतो. ती मग वैद्यकीय पुरावा धरली जाते. डॉक्टरला वेळ नाही ही अडचण त्यांनी मान्य केली आणि लिहिण्याचं काम दुसऱ्याकडे दिलं. आपल्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. हे काम त्यांनी करावं आणि खाली डॉक्टरने सही करावी, याला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही.

आणखी एक बारकावा. तिथे अर्ज करायचा आहे असं त्या माणसाने कार्यालयाला नुसतं कळवलं आणि पुढच्या ६० दिवसांत अर्ज पूर्ण केला, तर कळवल्याची तारीख हीच अर्जाची तारीख धरतात. कागद गोळा करण्यात गेलेला वेळ त्याच्या हक्कातून वजा होत नाही. आपल्याकडे उलट आहे. मंजुरीआधी गेलेले महिने गेलेच. ज्याच्याकडे कागद तयार असतात त्याला हे फारसं जाणवत नाही. ज्याच्याकडे काहीच नसतं, त्याचे सगळ्यात जास्त महिने जातात.

२०२४ च्या सुधारित नियमांबद्दलही माझी तक्रार आहे. पूर्वी प्रमाणपत्राचा निर्णय एका महिन्यात द्यायचा होता, आता तीन महिने दिले आहेत. आणि दोन वर्षं निर्णय झाला नाही तर तो अर्ज निकालात निघतो. माणसाने पुन्हा अर्ज करायचा किंवा कार्यालयात जाऊन जुना जिवंत करून घ्यायचा. पोर्टलवर जुने मृत अर्ज साठतात, साफसफाई हवी, हे मला समजतं. पण अर्ज का रखडला याची चौकशी न करता तो बंद करणं हे घर असलेल्यांच्या हिशोबाने केलेलं आहे. काकांचा अर्ज आणखी दहा महिन्यांनी असाच बंद झाला असता, आणि तेही त्यांना कळलं नसतं. नोंदणीच्या वेळी "राहण्याची कायम जागा नाही" असा एक रकाना द्या, तो भरला की जवळच्या निवारा केंद्राचा किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा कक्षाचा नंबर दुसरा संपर्क म्हणून आपोआप जोडा, आणि असे अर्ज बंद करण्याआधी त्या नंबरवर फोन करा. माझी मागणी एवढीच आहे.

तुम्ही काय करू शकता

तुमच्या सोसायटीबाहेर, देवळाशी, स्टँडवर असा कुणी माणूस तुम्हाला माहीत असेल. "आम्ही काय करणार डॉक्टर?" असं मला विचारतात. अर्ज भरून देणारे बरेच भेटतात. मदतीची खरी गरज त्यानंतर लागते.

आधी त्याला विचारा. हे सांगायला नको, पण सांगतो. त्याची इच्छा नसेल तर तिथेच थांबा. अनेकांना सरकारी कार्यालयाची, पोलिसांची भीती असते, ती उगाच नसते. दोन-चार वेळा बोलणं झालं की मग तो स्वतःच कागद दाखवतो.

कागद दाखवले की त्याच्यासमोरच प्रत्येकाचा फोटो काढा. पावतीवरचा नोंदणी क्रमांक एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्याकडे द्या, आणि तुमच्याकडेही ठेवा. तो क्रमांक असेल तर अर्जाचा माग निघतो, नसेल तर सगळं पहिल्यापासून. नंबर कुणाचा टाकलाय ते बघा. तुमचा टाकला, तर येणारे मेसेज वाचण्याची जबाबदारी तुमची आहे. पुढे दोन वर्षं तुम्हाला ते जमणार नसेल, तर निवारा केंद्राचा किंवा एखाद्या संस्थेचा नंबर द्या. माणसं गाव बदलतात, संस्थेचा फोन सहसा तिथेच राहतो.

आधार नसेल तर अडून बसू नका. मान्यताप्राप्त निवारा केंद्राचे अधीक्षक आधारसाठीच्या ठरलेल्या नमुन्यात पत्ता प्रमाणित करून देऊ शकतात. एक लाख लोकसंख्येमागे शहरात एक चोवीस तास चालणारं निवारा केंद्र असावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश २०१० पासून आहेत. तुमच्या शहरात ते कुठे आहे, हे महापालिकेत किंवा नगरपालिकेत विचारून ठेवा.

तपासणी कुठे करायची यातही थोडी सवलत आहे. राहण्याच्या जिल्ह्यातलं रुग्णालय किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या आजारावर उपचार चालू आहेत किंवा झाले होते ते, दोन्ही चालतात. गावाकडचं आधार घेऊन शहरात राहणाऱ्यांना याचा उपयोग होतो. बोर्डाचे दिवस ठरलेले असतात. आदल्या दिवशी जाऊन आठवण करा आणि शक्य असेल तर सोबत जा. एकटा, मळलेल्या कपड्यातला माणूस रांगेत उभा राहिला तर त्याला मागे ढकललं जातं. तुम्ही नुसते शेजारी उभे असलात तरी फरक पडतो, हे मी पाहिलं आहे. टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. म्हणून निर्णयाची तारीखही लिहून ठेवा. आणि ओळखपत्र टपालाने येण्याची वाट बघत बसू नका, पोर्टलवरून ते उतरवून घेता येतं.

मग दुसरा अर्ज, तहसीलचा. इथे हेलपाटे जास्त. दर पंधरा दिवसांनी एक फेरी धरा आणि प्रत्येक वेळी कोणत्या टेबलवर आहे, काय कमी आहे, हे तारखेसह वहीत लिहा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात, त्यांना मुदत ठरलेली असते आणि ती ओलांडली तर अपील करता येतं. काहीच कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. माझा अनुभव असा की असा अर्ज गेला की फाईल सापडते.

"सगळं करून देतो, पहिले दोन हप्ते माझे" असं म्हणणारे एजंट सगळीकडे आहेत. त्यांच्यापासून त्याला सांभाळा. आणि स्वतःलाही सांभाळा. त्याचं पासबुक, एटीएम कार्ड, पिन तुमच्याकडे ठेवू नका, कितीही विश्वासाने दिलं तरी. मानसिक आजाराचा कागद असेल तर त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मदत मिळावी या भावनेने एकांनी तो टाकला होता. नंतर त्या माणसाला टपरीवर बसू देईनात.

तुमच्या डॉक्टरलाही सांगा. लाजू नका. "याच्या कागदावर याला काय जमत नाही ते लिहून द्या", असं स्पष्ट म्हणा. आम्हाला आठवण करून द्यावी लागते. आता मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. पक्षाघात, पाय कापलेला, नजर गेलेली किंवा जुना मानसिक आजार असलेला बेघर रुग्ण आला, की पहिल्याच भेटीत तारीख, कधीपासून, आणि काय करता येत नाही याच्या चार ओळी लिहायच्या. पाच मिनिटं लागतात. त्या कागदाचा एक फोटो दवाखान्यात राहतो, कारण त्याच्याकडचा कागद पावसात जाऊ शकतो.

पैशाचा आणि औषधाचा काय संबंध, असंही कुणी विचारेल. मधुमेहाने पायाचा अंगठा गेलेल्या, फूटपाथवर राहणाऱ्या एका आजींना मी इन्सुलिन लिहून दिलं होतं. त्यांनी विचारलं, "हे थंड ठेवायचं म्हणता, कुठे ठेवू?" शेवटी शेजारच्या दूधवाल्याने त्याच्या फ्रिजमध्ये जागा दिली. महिना अडीच हजारात घर मिळत नाही, हे मलाही कळतं. पण एखाद्या ओळखीच्याकडे पडवीत झोपायला भाडं देता येतं, दोन वेळचं जेवण ठरवून घेता येतं, रिक्षाने रुग्णालयात जाता येतं. यूडीआयडी असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. रक्तदाबाच्या गोळ्या रोज त्याच वेळी घ्यायच्या तर रोज त्याच जागी असावं लागतं. पक्षाघाताचा दुसरा झटका टाळण्यासाठी मी काकांना जी औषधं देतो, त्यांचा निम्मा उपयोग ते रात्री कुठे झोपतात यावर ठरतो.

काकांचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. आमचा कंपाउंडर त्यांना घेऊन बोर्डाच्या दिवशी गेला. पहिल्या वेळी हाडांचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या वेळी तपासणी झाली. या वेळी मी दीड पानाचा कागद लिहून दिला होता, तो त्यांनी वाचला. महिन्याभराने प्रमाणपत्र पोर्टलवर आलं, पिवळ्या रंगाचं ओळखपत्र. काकांनी ते लॅमिनेट करून घेतलं आणि त्याच जुन्या पिशवीत ठेवलं. बँक खातं पुन्हा सुरू झालं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा मिळाला. १५ वर्षांच्या रहिवासाचं कोडं बाजार समितीतल्या जुन्या हमालांच्या नोंदवहीने सोडवलं. तिथे त्यांचं नाव १९९८ सालच्या पानावर सापडलं. काका ते पान बघून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा शंभर किलोचं पोतं उचलायचो."

तहसीलचा अर्ज दाखल होऊन सात आठवडे झाले आहेत. पावतीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. समितीची बैठक अजून झालेली नाही असं मागच्या फेरीत सांगितलं. पुढची फेरी येत्या सोमवारी.